ताज्या मासळीचा डोळा

ज्याच्या डोळ्यांत सध्या औषधाचे थेंब पडत आहेत, त्याला हे वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्षरं मुंग्यांसारखी पांगतील आणि कागदाचा पांढरेपणा खुपेल. म्हणून ज्यांच्या घरात असा कोणी खिडकीकडे पाठ करून बसला असेल, त्यांनी हे त्याला वाचून दाखवावं, एवढी विनंती आहे. आवाज जरा हळू ठेवावा. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आवाज फार मोठे ऐकू येतात.

मी डॉक्टर नाही. कुलाबा जिल्ह्यात, किहीमच्या वरच्या अंगाला खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा आहे, तिथला मी. बी. ए. होऊन तालुक्याच्या गावी हायस्कुलात मास्तर झालो. आमच्या वाड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादूस म्हणतो, तो लहानपणीच बाबांबरोबर होडीवर गेला, म्हणून मला शाळेत जाता आलं. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही आणि विसरू शकणारही नाही. म्हणूनच डोळे बिघडले तेव्हा माझी भीती साधी नव्हती. वाचणं गेलं तर माझ्यापाशी दुसरं काही उरत नव्हतं. जाळं ओढायला मी शिकलोच नव्हतो.

डोळे आले

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड ओसरल्यानंतरचं ते वर्ष. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या. शाळेत शिकवताना डावा डोळा लाल झाला, मग उजवा. उजेड सहन होईना. भुवईच्या आत कोणी अंगठ्याने दाबून धरावं, तसं दुखू लागलं. सगळे म्हणाले, डोळे आले. मीही तेच म्हणालो आणि रजा घेऊन घरी आलो.

आमच्याकडे एक समज पक्का आहे. डोळे आलेल्याच्या डोळ्यांकडे पाहिलं की पाहणाऱ्याचे डोळे येतात. मी होडीतून उतरलो तेव्हा धक्क्यावर नेहमीच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. माझा रुमाल डोळ्यांवर पाहून एकेकीने मान फिरवली. शेजारच्या हिराकाकू, ज्या बाजारात माझ्या आयच्या शेजारी बसून मासळी विकतात आणि ज्यांच्या तोंडाला अख्खा बाजार घाबरतो, त्या माझ्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून बोलल्या.

"बरा हायस ना रं, मास्तर? रागावू नको हां. मी तिकरं बगून बोलतंय. माज्या नातवाचं डोले आताच बरं झालंत."

मला हसू आलं. चार दिवसांची गोष्ट, असं वाटलं होतं.

हळदीचं फडकं झालं. एका बाळंतिणीने वाटीत दूध दिलं, ते डोळ्यांत घालून झालं. दवाखान्यातलं जळजळणारं पाणी घालून झालं. माझ्या डोळ्यांना चिपडं येत नव्हती, नुसतं पाणी यायचं आणि दुखायचं. हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही, माझ्याही नाही. एक दिवस दादूस जेवताना म्हणाला, "आपन मुंबयला जाऊ." दुसऱ्या दिवशी तो होडीवर गेला नाही. भर हंगामात तो होडीवर गेला नाही, एवढ्यावरूनच मला कळलं की माझं काही खरं नाही.

निदान

रेवसहून आगबोटीने आम्ही मुंबईला गेलो आणि डोळ्यांच्या एका धर्मादाय इस्पितळात जाऊन बसलो. डॉक्टर उतारवयाचे होते, बोलणं तुटक. त्यांनी अंधाऱ्या खोलीत दिवा बाजूला धरून भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"किती दिवस हे डोळे येणं समजत होतात?"

मी सांगितलं.

"हे डोळे येणं नव्हे. डोळ्याच्या आतला रंगीत पडदा सुजलाय. सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. चिकटून बसला की सुटत नाही. मग दृष्टी जाते. काय करता तुम्ही?"

"शिक्षक आहे."

त्यांनी दिवा खाली ठेवला. म्हणाले, "आता काही दिवस नाही आहात."

दादूसने विचारलं, "ह्यो लागतो का साहेब? बगून?"

"नाही. बघा खुशाल."

दादूस माझ्याकडे वळला आणि त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं असावं. पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही.

मी आणि हुसेनचाचा

इस्पितळात ठेवून घेतलं. थेंबांचं नाव ॲट्रोपिन. डोळ्याच्या मधल्या काळ्या बाहुलीला ते फाकवून ठेवतं, म्हणजे पडदा ताणलेला राहतो आणि चिकटत नाही. ताणलेला पडदा म्हणजे उघडं दार, सगळा उजेड आत. म्हणून डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर हिरवी झडप. सकाळी परिचारिका यायच्या, पट्टी सोडायच्या, गरम पाण्याचा शेक, थेंब, पुन्हा पट्टी. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. बाकीचा दिवस कान आणि नाक यांच्यावर काढायचा. कार्बोलिकचा वास, कोणाच्या चपला, कोणाचं कण्हणं.

शेजारच्या खाटेवर मुरूडकडचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना हुसेनचाचा म्हणत. सुपारीचा व्यापार. त्यांना काचबिंदू होता आणि त्यांचे थेंब माझ्या अगदी उलटे, बाहुली आवळणारे. त्या थेंबांनी त्यांचं कपाळ ठणकायचं आणि सगळं मंद दिसायचं.

"मास्तर," ते म्हणायचे, "तुजा दरवाजा सताड उघडा, माजी खिडकी बी बंद. खुदानं दोघांचं एक घर केलं असतं तर किराया वाचला असता."

एकदा माझ्या थेंबांची वेळ होती आणि गडबडीत थेंब घालायला आलेल्या नवीन माणसाच्या हाती त्यांची बाटली आली. बाटली डोळ्यांशी येण्याआधीच चाचा ओरडले, "अरे थांब, नाव वाच! तो माजा अंधार हाय, त्याला कशाला देतोस?" तेव्हापासून मी थेंब घालणाऱ्याला बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावतो. लाज वाटून घेऊ नये. उलट औषध पडलं तर डोळा जातो.

चाचांना माझ्याआधी घरी सोडलं. ते माझ्या खाटेशी आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, दुवा दिली. त्यांच्या हातांना सुपारीचा वास होता. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. आज ते समोर आले तर ओळखणार नाही, पण खोकले तर लगेच ओळखीन.

औषधाचं दुखणं

आता जे लिहितो आहे, ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस भीतीशिवाय गेले असते.

थेंब पडल्यावर थोड्याच वेळात घशात कडू उतरतं. मग तोंड कोरडं पडतं, जीभ टाळ्याला चिकटते. मला वाटलं, रोग घशात उतरला. तसं नसतं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक वाट आहे, तिथून औषध घशात जातं. थेंब पडला की डोळा हलके मिटायचा, घट्ट नाही, आणि तो कोपरा स्वच्छ बोटाने नाकाच्या हाडावर दाबून थोडा वेळ बसायचं. हे मला डॉक्टरांनी दाखवलं, पण मी विचारल्यावर. विचारायला मला कित्येक दिवस लागले. ग्रॅज्युएट माणूस, आणि "कडू का लागतं?" हे विचारायला संकोच.

तोंडाला घोट घोट पाणी आणि एखादी आवळकाठी गालात. सुकी मासळी तेवढे दिवस बंद ठेवावी. हे कोळ्याला सांगणं सोपं नाही, पण ठेवावी.

घरी आल्यावर एकदा थेंब आत गेला की गालावर, हे कळेना, म्हणून पुन्हा घातला, आणि पुन्हा. चेहरा तापला, छाती धडधडू लागली, आणि मी म्हणे आयला इंग्रजीतून काहीतरी शिकवू लागलो. ती घाबरून देवाला नारळ बोलली. पुढे डॉक्टर म्हणाले, बाटलीला बूच घट्ट लावून ती गार पाण्याच्या वाटीत उभी ठेवा, थेंब गार लागला की आत गेला असं समजा, आणि संशय आला तरी दुसरा घालू नका. किती साधी युक्ती. गालावर ओघळलेलं औषध लगेच टिपावं, नाहीतर पापणीखालची कातडी लाल होऊन खाजते. माझी झाली होती. तसं झालं तर डॉक्टरांना सांगावं, ते औषध बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नये.

हे शेवटचं वाक्य वाचणाऱ्याने दोनदा वाचावं. ते का, हे आता सांगतो.

मधली खोली

घरच्या मधल्या खोलीला खिडकी नाही. तिथे माझी बाज टाकली. काळा चष्मा मिळाला होता, तरी ओसरीवर ऊन असेपर्यंत बसवत नसे. समोर वाळूवर बोंबील सुकत घातलेले, त्यावरून परतलेलं ऊन, त्यामागे समुद्राचं ऊन. सगळा वाडा उजेडात राबत होता आणि मी घुशीसारखा आत.

त्या औषधाची आणखी एक तऱ्हा आहे. सूज उतरू लागली तसं मला लांबचं नीट दिसायला लागलं. संध्याकाळी ओसरीवर आलो की खाडीबाहेरची शिडं दिसत, कोणाची कोणती तेही ओळखू येई. पण जवळचं काही नाही. पुस्तक नाही, पानातला भात नाही, माणसाचा चेहरा नाही. लांब असेपर्यंत माणूस ओळखीचा, जवळ आला की धुकं. आणि लांबची माणसं माझ्याकडे बघत नसत.

रोग लागत नाही, हे दादूस सगळ्यांना सांगून थकला. "व्हय, व्हय," म्हणत आणि मान फिरवत. ती वाईट माणसं नव्हती. रोज कोणाच्या तरी घरून माझ्यासाठी कालवण यायचं. पण टोप ओसरीवर ठेवून, हाक मारून, येणारी परत जायची. मुंबईच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून मुलं लांब बसत, तेव्हा मी रात्रंदिवस घर आठवायचो. आता घरात होतो. आता कुठलं घर आठवायचं, ते सुचत नव्हतं.

एक आय तेवढी माझ्या डोळ्यांत पाहायची. बाजारातून आली की हात धुवायची, मला ओसरीच्या उंबऱ्याशी बसवायची, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची, आणि पाहायची. तिच्या पाहण्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. सकाळी होडी लागली की ती टोपलीतल्या मासळीकडे अशीच पाहायची. डोळा वर, काळाभोर, चकचकीत असला तर मासळी ताजी. डोळा बसला, पांढुरका झाला, की शिळी. या पारखीत ती कधी चुकली नव्हती.

एक दिवस तिने माझी हनुवटी धरली आणि सोडलीच नाही.

"अरे बाला," ती म्हणाली, "डोला बग कसा झाला! लाली गेली. काला मोठा डोला, आताच जाल्यातून काडलेल्या पापलेटासारका! ताजा झाला माजा पोर!"

"खरं, आये?"

"चालीस वरसं डोलं बगतंय मी. आता ह्यो कडू पानी कशाला? त्यानंच तुना वाचाला येत न्हाय."

बाहुली मोठी आणि काळी दिसत होती ती औषधाने. औषध लागू पडतंय याची ती खूण होती, रोग गेल्याची नव्हे. हे मला माहीत असायला हवं होतं, पण तिच्या आवाजात इतका आनंद होता, आणि मला वाचायचं होतं. आम्ही थेंब बंद केले.

आणि झालं काय, तर बाहुल्या हळूहळू आकसल्या आणि अक्षरं परत आली! आधी मोठ्या टाइपाची, मग बारीक. मी जुन्या वर्तमानपत्रातल्या तेलाच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. आयने हिराकाकूंना ओसरीवरून ओरडून सांगितलं. वाड्यात पेढ्यांऐवजी जवळ्याचे वडे वाटले गेले.

मग एका सकाळी भुवईच्या आत तो अंगठा पुन्हा बसला.

कोपरा

या वेळी आय माझ्याबरोबर मुंबईला आली. ती आगबोटीत पहिल्यांदाच बसत होती आणि वाटभर बोटीवरच्या लोकांना वारा कुठून आहे ते सांगत होती. डॉक्टरांनी दिवा धरला. त्यांचा श्वास मोठा झाला.

"थेंब कोणी बंद केले?"

"मी," आय म्हणाली. "डोला ताजा झालेला."

तिने मासळीचं सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"डाव्या डोळ्यात पडदा एका जागी चिकटलाय," ते म्हणाले. "बाहुलीला कोपरा आलाय. तो आता कायमचा. त्या डोळ्याने थोडं अंधुक दिसणार. उजवा अजून आपल्या हातात आहे." मग आयकडे वळले. "आजी, तुम्हाला बघता चांगलं येतं. फक्त चुकीची गोष्ट बघितलीत. मोठा आहे का, काळा आहे का, ते बघू नका. गोल आहे का, ते बघा. रोज. थेंब मी सांगेपर्यंत बंद नाहीत."

परतताना ती वाऱ्याविषयी काही बोलली नाही.

त्यानंतर थेंब घालण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. बाटली गार पाण्यात, कापूस उकळलेला. थेंब पडला की तिचं बोट माझ्या नाकाच्या कडेला येऊन दाबून बसे. मासळीचा वास कितीही धुतला तरी जात नसे, आणि मला तो जायला नको होता. मग ती हनुवटी धरून म्हणायची, "गोल हाय." तिच्या मागे उजेड, चेहऱ्याच्या जागी धुकं. "गोल हाय," एवढंच.

त्याच सुमाराला मी पाहिलं की ती डोळ्यावरून पदर ओढून घेऊ लागली आहे. संध्याकाळी ती बाजारातून येताना लांबून मला स्पष्ट दिसायची. टोपली डोक्यावर, आणि पदर ओढून उजवा डोळा झाकलेला. ओसरी जवळ आली की पदर आणखी घट्ट. हिराकाकू अशाच पदर ओढून घेत. वाड्यातल्या सगळ्याच.

म्हणजे आयसुद्धा.

मी तिला काही विचारलं नाही. तिचं चुकलं असंही मला वाटलं नाही. तिला बाजारात बसायचं होतं, डोळे तिचं भांडवल. पण त्या दिवसांत मी बाजेवर पडून भिंतीकडे तोंड करायचो आणि थेंबांची वेळ झाली तरी झोपेचं सोंग घ्यायचो. औषधाचे सगळे त्रास मी सोसले होते. याला काय लावायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

पदराखाली

पुन्हा मुंबईला जायची वेळ आली. डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले. उजवा गोल होता. सूज उतरली होती. ते समाधानाने उठले, दिवा मोठा केला, आणि आयचा पदर पाहून थांबले.

"आजी, डोळ्याला काय झालं?"

"काय न्हाय. ऊन चावतं."

"बघू."

"मना कशाला बगता? त्याना बगा."

त्यांनी पदर बाजूला करायला लावला. दिवा तिच्या डोळ्याशी नेला.

"तुमच्या डोळ्यात कोणी थेंब घातले?"

"न्हाय."

"उजवी बाहुली सताड उघडी आहे. औषधाशिवाय अशी होत नाही." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मुलाला थेंब घालून झाल्यावर हात धुता?"

"आदी धुतंय. चांगलं सोडा लावून."

"नंतर?"

तिने हात पदरात गुंडाळले.

"नंतर त्याच हाताने डोळे पुसता," डॉक्टर म्हणाले. "रोज पुसता. त्याशिवाय एवढी फाकणार नाही."

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. हातभर अंतरावर होती, पण धुकं. मग तिचा आवाज आला, चिडलेला, बाजारातला.

"मग काय करू? त्याच्या डोल्यात माज्याच हातानं कोपरा पारला. गोल हाय का, बगाला गेलं का आदी तो कोपरा दिसतो. त्याच्यासमोर रडू? त्याना जवलचा दिसत न्हाय, म्हनून रडलंय."

डॉक्टर तिला सांगत होते, की या वयात हे औषध डोळ्यात जाणं धोक्याचं आहे, काचबिंदू उठू शकतो, की नंतरही हात साबणाने धुवायचे, की तोवर डोळ्याला सावली धरायची आणि डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधुक दिसलं तर लगेच यायचं. ते सगळं मी ऐकलं आणि इथे लिहिलं आहे, कारण ज्यांच्या घरात कोणी दुसऱ्याला थेंब घालतं, त्यांना ते कळायला हवं. पण त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती माझ्यापासून डोळा लपवत होती, पण मला वाटलं त्या कारणाने नाही. रोज उंबऱ्याशी माझ्यापासून हातभर अंतरावर एक माणूस रडत होतं, आणि मी समजत होतो की मी एकटा आहे.

मी हात पुढे केला. तो आधी तिच्या कानातल्या बुगडीला लागला, मग गालाला.

"आये, घरी गेल्यावर माझ्यासमोर रड."

"मेल्या, लोका बगतान," ती म्हणाली.

शिळा

थंडी संपता संपता थेंब बंद करायला डॉक्टरांनी परवानगी दिली. या वेळी मी घाई केली नाही. आठवडा-दीड आठवडा बाहुल्या तशाच राहिल्या, मग उजेड मऊ होऊ लागला. एका सकाळी भाकरी मोडली आणि तिच्यावरचे फोड मला दिसले. नंतर अक्षरं दिसली. डाव्या डोळ्याने ती आजही पाण्याखालून दिसावीत तशी दिसतात. उजव्याने लख्ख. मुख्याध्यापकांनी माझी जागा राखून ठेवली होती. त्यांचा मी जन्मभर ऋणी आहे.

निघालो त्या सकाळी दादूस होडी घेऊन उभा होता. धक्क्यावर बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. आम्ही जवळ आलो तशा सवयीने माना वळल्या. माझा चष्मा उतरला होता, पण सवय उतरली नव्हती. मी खाली मान घालून चालू लागलो. आयने माझं मनगट धरलं.

"हिरे!" तिने हाक मारली. "माजा म्हावरा बग!"

"काय गो?" हिराकाकू पाठमोऱ्याच.

"चालीस वरसं बाजूला बसतेस, दुसऱ्याच्या म्हावऱ्याला नाव ठेवतेस. आता बग ना. का पारख गेली तुजी?"

हे हिराकाकूंना सोसणारं नव्हतं. त्या उठल्या, कमरेला हात पुसले, तरातरा आल्या आणि माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. मी डोळे मिटले नाहीत. मला त्यांच्या भुवईतलं गोंदण दिसलं. नाकाशेजारची चामखीळ दिसली. त्यांच्या डोळ्यांच्या तपकिरी कडा दिसल्या. कितीतरी महिन्यांनी एक चेहरा मी एवढ्या जवळून पाहत होतो. त्याही पाहत होत्या, आधी भीत, मग व्यापाऱ्यासारख्या.

"डोला बारीक झाला," त्या म्हणाल्या. "बसलाय. ह्यो त शिला हाय गो!"

सगळ्या हसल्या. मग एकेक करून त्या उठून आल्या. कोणी गाल धरला, कोणी कान. "शिलाच." "व्हय, शिला." "डावीकरं कोपरा हाय, भाव कमी कर." "शिला म्हावरा कोन घेनार? ठेव घरातच, कालवनाला!"

"घरात कशाला?" आय म्हणाली. "त्याची शाला वाट बगते."

तिने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. तिच्या दोन्ही बाहुल्या लहान होत्या, सारख्या होत्या आणि ओल्या होत्या. मला हे सगळं दिसत होतं. दादूसने शीड ओढलं तेव्हा तिने सोडलं.

तालुक्याच्या गावी खोलीवर पोचलो. शाळेत जायच्या आधी दाढीसाठी आरसा हातात घेतला. डाव्या बाहुलीचा कोपरा पहिल्यांदाच माझा मला दिसला. त्याच्या खाली, हनुवटीवर, मासळीचा एक खवला चिकटला होता. कोणाच्या हाताचा, ते सांगता आलं नसतं. मी वस्तरा त्याला वळसा घालून फिरवला आणि वर्गावर गेलो.